पुस्तकाविषयीचे मत कोणासाठी लिहायचे?

प्रश्न : मी मिरजेत एका सहकारी बँकेत नोकरी करते. वय सत्तेचाळीस. लहानपणापासून वाचते, बाबूराव अर्नाळकरांसारख्यांच्या रहस्यकथा, भयकथा आणि कौटुंबिक कादंबऱ्या हे माझे आवडते वाचन. दोन वर्षांपूर्वी मी एका मराठी वाचकगटात सामील झाले. नागपूरपासून बेळगावपर्यंतचे आणि परदेशातलेही वाचक त्यात आहेत. जो तो आपण काय वाचले ते लिहितो आणि त्यावर बोलणे होते. घरात वाचणारे दुसरे कोणी नसल्यामुळे मला याचे फार अप्रूप वाटले. गेल्या पावसाळ्यात मी भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'बद्दल लिहिले की, ही कादंबरी मला कंटाळवाणी वाटली, मी ती अर्ध्यात सोडली आणि लोक तिचा उगाचच उदोउदो करतात. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिले, 'अर्नाळकर वाचणाऱ्यांनी नेमाड्यांच्या वाटेला जाऊ नये.' पुष्कळांनी त्यांना दुजोरा दिला. तेव्हापासून सगळे ज्याची स्तुती करतात त्याचीच मी स्तुती करते. मागच्या महिन्यात तर न वाचलेल्या पुस्तकाला 'अप्रतिम' म्हणून मोकळी झाले. माझे वाचन खरेच हलके आहे का? गट सोडावा, की फक्त चांगले तेवढेच लिहावे? आणखी एक अडचण आहे. गटातल्याच एका तरुण लेखिकेची पहिली कादंबरी आली आहे. तिने माझे मत मागितले आहे आणि मला ती कादंबरी आवडलेली नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

गट सोडू नका. घरात जिच्याशी वाचनाविषयी बोलायला दुसरे माणूस नाही, अशा वाचकाने एका खोचक वाक्यापायी इतक्या साऱ्या वाचकांची संगत सोडावी हे मला मुळीच पटत नाही. मात्र तिथे राहायचे, तर सध्या लिहिता तसे लिहीत राहू नका. तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी तुम्ही न विचारलेला एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मिळाले की बाकीच्यांची उकल होईल, असे मला वाटते. पुस्तकाविषयीचे आपले मत आपण कोणाला उद्देशून लिहितो? 'कोसला'बद्दल लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर तिची वाहवा करणारे लोक होते. 'अप्रतिम' लिहिताना ते ज्येष्ठ सदस्य होते. ज्याने ते पुस्तक अजून वाचलेले नाही आणि तुमचा मजकूर वाचून ते आणावे की नाही हे जो ठरवणार आहे, तो वाचक दोन्ही वेळा तुमच्या ध्यानात आला नाही. मत त्याच्यासाठी लिहायचे असते.

मराठी पुस्तकांचा व्यवहार कसा चालतो हे पाहिले की, या वाचकाची गरज लक्षात येईल. पुण्यात अप्पा बळवंत चौकात ज्याला जाता येते, त्याला दुकानात उभ्या उभ्या चार पाने चाळून पुस्तक निवडता येते; परंतु तालुक्याच्या कित्येक गावांत क्रमिक पुस्तके, गाइडे आणि वह्या यांपलीकडे पुस्तकांचे दुकानच नसते. मराठी कादंबरीची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींचीच असते, आणि त्या हजार प्रती सगळ्या महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर पोहोचायच्या असतात. बेळगावच्या, इंदूरच्या किंवा अमेरिकेतल्या मराठी वाचकाला पुस्तक हातात घेऊन पाहण्याची सोय नसते. तो पैसे मोजतो ते कोणाच्या तरी शब्दावर. वाचनालयांचेही तेच आहे. शासनाच्या वर्गवारीतल्या 'क' किंवा 'ड' या लहान वर्गातल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्षाची पुस्तकखरेदी मोजकी असते, आणि सभासदांच्या आग्रहावरून एक कादंबरी घेतली की दुसरी एखादी त्या वर्षी राहून जाते. १९६४ साली 'ललित' मासिक सुरू झाले ते नव्या पुस्तकांची खबर वाचकांपर्यंत नेण्यासाठीच, आणि त्यातली 'चोखंदळ वाचकांची पसंती' वाचून काय मागवायचे ते ठरवणारे वाचक गावोगावी होते. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत पुस्तकांची जागा आक्रसत गेली, तसतसे हे काम तुमच्या गटातल्यासारख्या चार-सहा ओळींच्या मतांवर येऊन पडले आहे. ते हौसेचे काम आहे हे खरे, पण त्याच्या भरवशावर दुसऱ्याचे पैसे आणि त्याहून मोलाच्या आठ-दहा संध्याकाळी खर्च होतात.

म्हणूनच तुमच्या पत्रातली मला सर्वांत अधिक खटकलेली गोष्ट म्हणजे न वाचलेल्या पुस्तकाला तुम्ही दिलेले 'अप्रतिम'. 'कोसला'वरचा तुमचा शेरा त्रोटक होता, पण तो खरा होता. हा दुसरा शब्द खरा नाही, आणि पुस्तक पुढे खरोखरच चांगले निघाले तरी त्यामुळे तो खरा होणार नाही. यावरचा उपाय अवघड नाही आणि तो याच आठवड्यात करा. गटात लिहा, 'या पुस्तकाला मी मागे अप्रतिम म्हटले होते. तेव्हा मी ते वाचलेले नव्हते, इतरांचे अभिप्राय वाचून लिहिले होते. आता वाचायला घेतले आहे. संपले की माझे मत लिहीन.' यापुढे एक अक्षरही वाढवू नका. का लिहिले, कोणामुळे लिहिले, किती वाईट वाटले, यांपैकी काहीही त्या नव्या वाचकाच्या उपयोगाचे नाही. मग ते पुस्तक खरेच वाचा. असे लिहिल्याने आपली पत जाईल अशी धास्ती तुम्हाला वाटेल. परंतु पुस्तकांविषयी बोलणाऱ्या माणसांत असे सरळ सांगणारे थोडे असतात, आणि त्यांनी पुढे एखाद्या पुस्तकाला चांगले म्हटले की ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसतो.

आता तुमच्या वाचनाविषयी. ते हलके आहे का, असे विचारताना तुम्ही नकळत धरून चालला आहात की, वाचनाची एकच शिडी असते, तिच्या तळाशी रहस्यकथा असते, वरच्या पायरीवर ज्ञानपीठ मिळालेले लेखक असतात आणि चांगल्या वाचकाने वर्षागणिक एकेक पायरी चढत जायचे असते. मी आजवर ज्या वाचकांना जवळून ओळखते, त्यांच्यापैकी कोणीही असे वाचत नाही. तीच व्यक्ती एका आठवड्यात तुकोबांचे अभंग वाचते आणि दुसऱ्या आठवड्यात खुनाचा तपास वाचते, कारण दोन्हींकडून तिला वेगवेगळे काही हवे असते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांपायी मराठी माणसांच्या पिढ्यांना वाचायची सवय लागली, आणि त्यांतल्या अनेकांना शाळा सुटल्यानंतर दुसरे पुस्तक हातात धरायचे काही कारणच तोवर मिळालेले नव्हते. ही कामगिरी लहान नाही, आणि तिच्याविषयी तुच्छतेने बोलणाऱ्याला मराठी वाचनाचा इतिहास अर्धाच ठाऊक आहे असे मी म्हणेन.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, रहस्यकथेच्या मुरलेल्या वाचकाच्या नजरेला एक वळण लागलेले असते. लेखकाने कोणती माहिती कधी दिली, कोणती मागे ठेवली, मागे ठेवताना वाचकाशी न्यायाने वागला की त्याला फसवले, एखादे पात्र विनाकारण खोलीत आणून का उभे केले, हे तो वाचता वाचताच टिपत जातो. नारायण धारपांच्या भयकथा ज्याने लक्ष देऊन वाचल्या आहेत, त्याला हेही उमगलेले असते की, खरी भीती भूत दिसण्याच्या आधीच्या साध्यासुध्या घरगुती वर्णनात पेरलेली असते. ही नजर कोणत्याही कादंबरीला लावता येते, आणि तुमच्या गटातल्या पुष्कळ विद्वान सदस्यांकडे ती नसेल. तेव्हा तुमच्या वाचनाबद्दल क्षमा मागायचे काही कारण नाही.

पण इथेच थांबले तर मी तुमची नुसती समजूत काढल्यासारखे होईल. सगळी पुस्तके सारख्याच मोलाची असतात असे मी मानत नाही, आणि माझा अंदाज आहे की तुम्हीही मानत नाही. एवढ्या संख्येने लिहिलेल्या रहस्यकथांतल्या बऱ्याचशा एकाच साच्यातून निघालेल्या असणार, हे त्या प्रेमाने वाचणाऱ्यालाच सर्वांत चांगले कळते. हातात घेतलेल्या दहांपैकी कोणत्या दोन पुन्हा वाचाव्याशा वाटतात आणि त्या दोनांत असे काय आहे जे उरलेल्या आठांत नाही, हे तुम्हाला सांगता येईल ना? तेच गटात लिहा. तुम्ही 'कोसला'वर लिहिले, पण ज्या प्रकारात तुमची हयात गेली त्यावर लिहिल्याचा तुमच्या पत्रात कुठे उल्लेख नाही. रहस्यकथेविषयी जितक्या गंभीरपणे बोलता येईल तितक्या गंभीरपणे बोला. गटातल्या अनेकांनी त्या चोरून वाचलेल्या असतात आणि त्यांच्याविषयी नीट बोलणारे कोणी भेटेल म्हणून ते वाट पाहत असतात. तुमचा परिचयही मग तिथे 'कोसला न आवडलेल्या बाई' असा राहणार नाही. रहस्यकथेतले काय चांगले आणि काय सुमार हे सांगू शकणारी वाचक म्हणून तुम्हाला लोक विचारायला येतील.

त्या ज्येष्ठ सदस्यांचे वाक्य अन्यायाचे होते, कारण त्यात अर्नाळकरांविषयी काही नव्हते आणि नेमाड्यांविषयीही काही नव्हते. एका माणसाने कुठे पाऊल टाकू नये एवढाच हुकूम त्यात होता. परंतु तुमच्या शेऱ्यातल्या शेवटच्या तुकड्याकडेही एकदा पाहा. 'लोक उगाचच उदोउदो करतात' हे पुस्तकाविषयीचे मत नाही. ते त्या पुस्तकावर जीव असलेल्या माणसांविषयीचे विधान आहे आणि ती माणसे ढोंगी आहेत असे ते सुचवते. १९६३ साली ही कादंबरी आली तेव्हा तिचा लेखक पंचवीस वर्षांचा होता, आणि त्यानंतर घर सोडून शहरात शिकायला आलेल्या किती मुलांना तिच्यात आपली स्वतःची भाषा पहिल्यांदा सापडली, याची गणती नाही. त्यांचे प्रेम खरे आहे. तुमचा कंटाळाही खरा आहे. दोन्ही खरे असताना एकाने दुसऱ्याला खोटे ठरवायला निघावे, तिथून पुस्तकावरचे बोलणे संपते आणि माणसांवरचे सुरू होते.

मराठीत असे वाद नवे नाहीत. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर या कादंबरीकारांच्या नावाने कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद कित्येक वर्षे चालला, आणि घरोघरी मात्र दोघांच्याही कादंबऱ्या एकाच कपाटात असत. १९६९ साली तरुण लेखकांनी 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकाची होळी केली, इथवर मजल गेली होती. या साऱ्या धुमश्चक्रीतले आज पुन्हा वाचावेसे वाटते ते त्यांचेच लेखन, ज्यांनी पुस्तकाचे पान उघडून 'हे पाहा, इथे असे झाले आहे' म्हणून दाखवले.

तुम्ही 'कोसला'विषयी तसे लिहिले असते तर ते कसे दिसले असते, हे करून पाहू. मी तुमच्या जागी आहे असे समजून लिहिते :

'मी ही कादंबरी पुण्यातल्या वसतिगृहाच्या भागापर्यंत वाचली आणि ठेवून दिली. एरवी मी रहस्यकथा वाचते, त्यामुळे प्रत्येक प्रसंगाने पुढच्या प्रसंगाला रेटा द्यावा अशी मला सवय आहे. इथे नायक पांडुरंग मित्रांबरोबर हिंडतो, चहा पितो, वडिलांचे पैसे उडवतो, परीक्षा जवळ येते, आणि यांतल्या कशानेच पुढे काही घडेल असे मला वाटेना. उदाहरणार्थ, वगैरे हे शब्द तो सारखे वापरतो. त्याची सुरुवातीला गंमत वाटली, नंतर त्रास झाला. वडिलांविषयीचा आणि गावाकडचा मजकूर मात्र मी मन लावून वाचला. पुण्याच्या भागात तुम्हाला नेमके काय धरून ठेवते, ते कोणी लिहिले तर मला वाचायला आवडेल.'

हे तुमच्या मूळ शेऱ्याहून सौम्य नाही. कादंबरी आवडली नाही, सोडून दिली, हे त्यातही तितकेच स्पष्ट आहे. पण आता त्या न वाचलेल्या वाचकाला केवढी माहिती मिळाली, ते पाहा. तुम्ही एरवी काय वाचता हे कळले, त्यामुळे तुमच्या कंटाळ्याला किती वजन द्यायचे हे त्याला ठरवता येते. कुठवर वाचले ते कळले. काय खटकले हे कळले, आणि ते अशा शब्दांत कळले की, ज्याला प्रसंगांची घट्ट साखळी नकोच असते, एखाद्या मुलाच्या भटकण्याबरोबर निरुद्देश भटकायला ज्याला आवडते, तो तुमचे प्रतिकूल मत वाचून ही कादंबरी आजच मागवील. माझ्या मते नेमक्या मताची हीच खूण आहे की, ते नावडतीचे असले तरी योग्य वाचकाला पुस्तकाकडे नेते आणि भलत्याला वेळेवर थांबवते. शिवाय अशा मजकुराला उत्तर देता येते. कोणीतरी म्हणाले असते, 'ताई, धाकट्या बहिणीविषयीचा भाग आला नसेल तर तेवढा तरी वाचा आणि मग सांगा.' 'कंटाळवाणी' या एका शब्दाला काय उत्तर देणार? त्याला 'तुम्हाला कळली नाही' एवढेच उत्तर असते, आणि ते तुम्हाला मिळाले.

स्तुती करतानाही हेच लागू आहे, किंबहुना अधिकच लागू आहे, कारण स्तुतीचे तयार शब्द आपल्याकडे फार झाले आहेत. 'संग्रही असावे असे पुस्तक', 'हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही', 'अंतर्मुख करणारे', 'प्रत्येकाने एकदा तरी वाचावे असे', 'लेखकाची ओघवती शैली'. पुस्तकपरिचय लिहिणाऱ्यांनी ही वाक्ये इतकी वापरली आहेत की, ती प्रवासवर्णनाला लावा, आत्मचरित्राला लावा किंवा पाककृतींच्या पुस्तकाला लावा, वाचणाऱ्याला पुस्तकाविषयी काहीही कळत नाही. आपल्याला एखादे पुस्तक मनापासून आवडले की पहिल्यांदा हेच शब्द बोटांवर येतात. त्यात लबाडी नसते, आनंदाची घाई असते. तेव्हा ते लिहा, मग पुसून टाका आणि स्वतःला विचारा की, कोणत्या पानावर मी थांबले, कोणते वाक्य घरातल्या माणसाला वाचून दाखवावेसे वाटले, कोणत्या पात्राचा राग दुसऱ्या दिवशी बँकेत काम करतानाही मनात होता. तेवढे एक लिहिले तरी पुरे. तारे देण्याची पद्धत तुमच्या गटात असेल तर द्या, पण पाचपैकी तीन म्हणजे काय हे ज्याच्या त्याच्या मनावर असते. शब्दांवाचून त्यातून फारसे हाती लागत नाही.

रहस्यकथेविषयी लिहिताना रहस्य फोडू नका, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी. वाचनालयाच्या पुस्तकांत कोणीतरी पहिल्याच प्रकरणात पेन्सिलीने 'खुनी हाच' असा बाण काढून ठेवलेला असतो, तो पाहून होणारी चिडचिड तुम्ही अनुभवली असेलच. मात्र हाच नियम गंभीर म्हणवल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांना का लावत नाहीत, हे मला समजत नाही. कोण मरतो, कोण घर सोडतो हे लोक खुशाल सांगून टाकतात, जणू तिथे उत्सुकता बाळगणे कमीपणाचे आहे. तुम्ही ज्या प्रकाराच्या वाचक आहात, त्याची ही शिस्त गटात सगळ्यांसाठी मागा.

आता, फक्त चांगले तेवढेच लिहावे का? प्रत्येक वाचलेल्या पुस्तकाविषयी लिहिलेच पाहिजे असे बंधन कोणावर नाही. एखादे पुस्तक आवडले नाही आणि त्याबद्दल सांगण्यासारखेही काही नाही, तर गप्प राहणे योग्यच. पण कधीच प्रतिकूल लिहायचे नाही असा नियम करून बसलात तर तुमची स्तुतीही निकामी होईल, कारण जो कशालाच नाही म्हणत नाही त्याच्या होकारातून निवड करता येत नाही. जे पुस्तक खूप गाजते आहे, ज्याच्यावर वाचनालयाचे आणि लोकांचे पैसे जात आहेत, आणि ज्यात तुम्हाला ठळक दोष दिसतो, त्याविषयी तर लिहावेच. दोष सांगा, तो कुठे आहे ते दाखवा आणि ज्यांना ते आवडले त्यांच्याविषयी एक शब्दही काढू नका.

त्या ज्येष्ठ सदस्यांचे काय करायचे? जुने प्रकरण उकरू नका. पुस्तकांवर इतके प्रेम असलेला माणूस ते पुस्तक बहुधा अनेकदा वाचलेला असतो, आणि त्याच्याकडून काही मिळवता आले तर ते सोडू नये. 'तुम्ही नेमाड्यांचे जाणकार आहात. "कोसला" पुन्हा हातात घेतली तर मी कोणत्या भागावर विशेष लक्ष द्यावे?' असे त्यांनाच विचारा. मनापासून विचारा, टोमणा म्हणून विचारू नका. त्यांनी सांगितले तर तुम्हाला एक वाटाड्या मिळेल, आणि त्यांनी पुन्हा वैयक्तिक पातळीवर घसरून काही लिहिले तर 'पुस्तकाविषयी बोला, माझ्याविषयी नको' एवढेच शांतपणे लिहा. तेही वारंवार झाले, तर मात्र गट चालवणाऱ्यांना सांगण्यात संकोच बाळगू नका; लोक बोलायचे थांबतील असे वागणाऱ्याला आवरणे हे त्यांचे काम आहे. ज्या पुष्कळांनी दुजोरा दिला म्हणून तुम्ही खचलात, त्यांची फार चिंता करू नका. अशा दुजोऱ्यात बरेच जण नाव पाहून अंगठा दाखवतात. तुमचा शेरा त्यांनी वाचला होता की नाही, हेही सांगता येणार नाही.

राहिली ती तरुण लेखिका, आणि इथे मला तुमची खरी काळजी आणि तिचीही वाटते. पहिल्या कादंबरीवर माणसाची काही वर्षे खर्च झालेली असतात. तिने मत मागितले आहे, तेव्हा तिला ते मिळाले पाहिजे. 'प्रयत्न चांगला आहे' असे म्हणून तिला वाटेला लावणे हा तिचा अपमान आहे. पण सगळ्यांसमोर लिहिण्याआधी तिच्याशी फोनवर बोला. बोलण्याआधी, तुमचे लक्ष कादंबरीवरून जिथे उडाले त्याच्या मागची वीस-पंचवीस पाने पुन्हा वाचा. कंटाळा जिथे जाणवतो तिथे तो सुरू झालेला नसतो, थोडा आधी सुरू झालेला असतो, आणि तुमची रहस्यकथेची नजर इथे तिच्या फार उपयोगी पडेल. 'शेवट मला अमुक पानावरच कळला', 'नवऱ्याने पत्र लपवले हे वाचकाला आधीच माहीत आहे, मग ते सापडण्याच्या प्रसंगाला दोन प्रकरणे का लागली', अशा तऱ्हेने बोला. तिला काय बदलायला हवे होते ते सांगू नका. वाचताना तुम्हाला काय झाले तेवढेच सांगा, आणि जे एखादे पान खरोखर आवडले असेल तेही पानाच्या आकड्यासकट सांगा. कादंबरी छापून झाली आहे, तेव्हा हे या पुस्तकाच्या नव्हे, पुढच्या पुस्तकाच्या कामाला येईल.

गटात लिहायचे की नाही, हे त्यानंतर ठरवा. लिहिलेत तर फोनवर सांगितले तेच लिहा, अधिक गोड नको आणि अधिक कडूही नको. तिने प्रत भेट दिली असेल तर 'लेखिकेने दिलेली प्रत वाचली' असा उल्लेख करा, कारण तुमच्या शब्दावर ती विकत घेणाऱ्याला हे माहीत असायला हवे. न लिहिण्याचे ठरवलेत तर तसे तिला आधी सांगून ठेवा, म्हणजे ती रोज गट उघडून वाट पाहत बसणार नाही. ती दुखावली जाईल का? काही दिवस कदाचित जाईल. तिचा पुन्हा फोन आला आणि ती एखाद्या प्रसंगाची बाजू मांडू लागली, तर वाद घालू नका, ऐकून घ्या. आणि तिने पुढचे लिखाण वाचायला देऊ का असे विचारले, तर वेळ असेल तरच हो म्हणा, आणि हो म्हटलेत तर ते कधीपर्यंत वाचून द्याल ती तारीख तिला तिथल्या तिथे सांगा.